हिऱ्याची पूड आणि मोटारीचं वार्निश

प्रश्न : आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडली की तांब्याची तार बहुतेक शाबूत असते. करपलेलं असतं ते तिच्यावरचं इनॅमल आणि वार्निश. म्हणजे वीज अडवायला जे घातलं, तेच उष्णतेनं मरतं. माझा भाऊ झवेरी बाजारात कामाला आहे. तो सांगतो की हिऱ्यातून वीज जात नाही, पण उष्णता तांब्यापेक्षाही भरभर जाते. मग हिऱ्याची बारीक पूड इपॉक्सीत मिसळून वाइंडिंगवर ओतली तर वीज अडेल आणि उष्णताही बाहेर पडेल. असं कोणी का करत नाही?
ता. क. : हिरा परवडणार नाही हे मलाही कळतं. पण दुसरी एखादी पूड वार्निशमध्ये घालून बघू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचा भाऊ बरोबर सांगतो, आणि त्याचा पुरावा त्याच्या पेढीतच असणार. हिरा पारखायचं पेनाएवढं एक यंत्र मिळतं. त्याचं तापलेलं टोक खड्याला टेकवलं की खडा किती वेगानं उष्णता ओढून घेतो ते यंत्र मोजतं. काच किंवा झिरकोनिया लगेच उघडे पडतात. फसवतो तो मॉइसनाइट, कारण तो सिलिकॉन कार्बाइड असतो आणि तोही उष्णता झपाट्यानं ओढतो. म्हणून त्याच यंत्राच्या पुढच्या आवृत्तीत वीजही तपासतात: मॉइसनाइट सहसा थोडी वीज जाऊ देतो, हिरा देत नाही. (याला निळा हिरा अपवाद. त्याच्यात बोरॉनचे अणू असतात आणि तो अर्धवाहक असतो. पण निळे हिरे रोज कोण तपासतो!) झवेऱ्याच्या या दोन चाचण्यांत तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आलं. उष्णता वाहणं आणि वीज वाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या एकच वाटतात त्या धातूंमुळे. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि वीज व उष्णता अशी दोन्ही ओझी तेच वाहतात. गुस्ताव विडेमान आणि रुडॉल्फ फ्रान्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५३ मध्येच दाखवून दिलं होतं की ठरावीक तापमानाला निरनिराळ्या धातूंत या दोन गुणांचं प्रमाण जवळपास सारखंच येतं. हिऱ्यात मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत. तिथं उष्णता जाते ती अणूंच्या जाळीच्या थरथरण्यातून. या थरथरीच्या लाटांना भौतिकशास्त्रात फोनॉन म्हणतात. अणू हलके, त्यांच्यातले बंध घट्ट, रचना साधी आणि शिस्तीची असेल तर फोनॉन न अडखळता लांबवर जातात. ग्लेन स्लॅक यांनी १९७३ मध्ये अशा अटी मांडल्या, त्यात बसणारे पदार्थ मोजकेच आहेत: हिरा, बोरॉन नायट्राइड, ॲल्युमिनियम नायट्राइड, सिलिकॉन कार्बाइड, बेरिलियम ऑक्साइड आणि आणखी काही. म्हणजे वीज अडवणारा आणि उष्णता वाहून नेणारा पदार्थ निसर्गाला वर्ज्य नाही.

आता इपॉक्सीकडे येऊ. उष्णतावाहकता वॉट प्रति मीटर-केल्विन या एककात मोजतात; पुढचे सगळे आकडे त्याच एककातले आहेत. हिऱ्याची सुमारे २०००, तांब्याची ४००, ॲल्युमिनाची ३० च्या आसपास, साध्या इपॉक्सीची जेमतेम ०.२. रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर रेणूंच्या साखळ्या एकमेकींना वाटेल तशा जोडल्या जातात. त्या गुंत्यात फोनॉनला सरळ वाट मिळत नाही. एखाद्या नॅनोमीटरच्या आत तो विखुरतो.

इथं एक तफावत ध्यानात ठेवावी. विजेच्या बाबतीत तांबं आणि इपॉक्सी यांच्यातला फरक एकावर किमान वीस शून्यं इतका आहे. उष्णतेच्या बाबतीत तोच फरक फक्त दोन हजार पट. म्हणून वीज अडवणं आपल्याला सोपं जातं आणि उष्णता पूर्ण अडवणं किंवा हवी तिकडे वळवणं अवघड जातं. इन्सुलेशनची अर्धी डोकेदुखी या तफावतीतून येते.

ही डोकेदुखी केवढी, ते एका हिशेबातून कळेल. एलईडीच्या पट्टीखाली एक चौरस सेंटिमीटर जागेतून १० वॉट उष्णता खालच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात जायची आहे आणि मध्ये विजेसाठी ०.१ मिलिमीटर जाडीचा साध्या इपॉक्सीचा थर आहे. कागदापेक्षा फार जाड नसलेल्या त्या एका थरात तापमान ५० अंशांनी पडतं, म्हणजे वरची बाजू खालच्यापेक्षा ५० अंशांनी तापलेली राहते. थराची वाहकता ०.२ वरून २ वर नेली की हाच फरक ५ अंशांवर येतो. मोटारीत आकडे वेगळे, गोष्ट तीच. १९३० मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे मॉन्टसिंगर यांनी ट्रान्स्फॉर्मरच्या अभ्यासातून एक ठोकताळा मांडला: तापमान ८ ते १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. तुमच्या मोटारींच्या प्लेटवर ‘क्लास एफ’ लिहिलेलं असतं ते १५५ अंशांसाठी. या वर्गवारीमागचं मोजमाप साधारण २०,००० तासांच्या आयुष्यावर बेतलेलं असतं. अखंड चालवली तर सव्वादोन वर्षं. त्यावर आणखी दहा अंश चढले तर वर्षभरात मोटार पुन्हा तुमच्या दुकानात.

मग हिऱ्याची पूड घालून पाहू, निदान कागदावर. गोल कण एखाद्या माध्यमात विखुरलेले असले तर मिश्रणाची वाहकता किती येईल, याचं सूत्र जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ च्या आपल्या विद्युतचुंबकत्वावरच्या ग्रंथात दिलं आहे. त्यांनी ते विजेसाठी मांडलं, पण उष्णतेलाही ते तसंच लागू पडतं. इपॉक्सीत आकारमानानं ३० टक्के ॲल्युमिना घातला, कण एकमेकांना न टेकता विखुरले, तर ०.२ चे ०.४५ होतात. त्याच जागी ३० टक्के हिरा घातला तर? ०.४६. हिरा ॲल्युमिनापेक्षा साठ-सत्तर पट चांगला वाहक, आणि पदरात पडलं एवढंच.

छपाईची चूक नाही ही. मुंबईहून पुण्याला निघालात, पुढचा रस्ता कितीही मोकळा असला आणि गाडी कितीही दमदार असली तरी खंडाळ्याच्या घाटात कोंडी असेल तर पोचायची वेळ घाट ठरवतो. इथं हिऱ्याचे कण म्हणजे मोकळा रस्ता आणि दोन कणांमधलं रेझिन म्हणजे घाट. उष्णतेला प्रत्येक वेळी त्यातूनच जावं लागतं. या क्षेत्रातल्या बातम्यांत ‘अमुक अद्भुत पदार्थ मिसळला’ असा गाजावाजा असतो, तेव्हा मी आधी एकच गोष्ट पाहतो: कण एकमेकांना भिडले आहेत का? कोणती पूड घातली हा प्रश्न त्यानंतरचा.

कण भिडवायचे तर पूड भरपूर घालावी लागते. एकाच मापाचे गोल कण कसेही ओतले तर ते साधारण ६४ टक्के जागा व्यापतात. मोठ्या कणांच्या फटींत बारीक कण बसवले तर त्याहूनही पुढे जाता येतं. बाजारातली उष्णतावाहक पॉटिंग कंपाउंडं आणि एलईडी बोर्डांवरचे थर बहुतेक याच वाटेनं १ ते ३ पर्यंत पोचतात, आणि त्यांत बहुधा हिरा नसतो, ॲल्युमिना असतो. तो स्वस्त आहे आणि गोल दाण्यांत मिळतो, त्यामुळे मिश्रण तुलनेनं वाहतं राहतं. तोटा म्हणजे तो कडक. मिक्सर आणि पंप झिजवतो. ॲल्युमिनियम नायट्राइड वाहकतेत सरस आहे, पण ओल लागली की हळूहळू कुजतो आणि अमोनिया सोडतो. बेरिलियम ऑक्साइड उत्तम वाहक असला तरी त्याची धूळ फुफ्फुसांना जन्माची इजा करते. त्याच्या वाटेला न गेलेलंच बरं.

दुसरी अडचण कणांच्या पृष्ठभागावर आहे. रशियन शास्त्रज्ञ प्योत्र कापित्सा यांनी १९४१ मध्ये द्रव हेलियमवर प्रयोग करताना पाहिलं की दोन पदार्थ एकमेकांना पूर्ण चिकटलेले असले तरी त्यांच्या सीमेवर तापमान एकदम पडतं. इकडच्या थरथरीचा मेळ तिकडच्या थरथरीशी बसत नाही, बरेच फोनॉन सीमेवरूनच माघारी फिरतात. पूड जितकी बारीक तितका पृष्ठभाग जास्त, तितक्या सीमा जास्त. म्हणून केवळ उष्णतेचा विचार केला तर नॅनो-हिरा ही चैन आहे आणि तोट्याची चैन आहे. कणांना सिलेनसारखी रसायनं लावून रेझिनशी पक्की गाठ मारतात, त्यानं अडथळा कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

सध्या सगळ्यात जास्त अभ्यास चालू आहे तो षटकोनी बोरॉन नायट्राइडवर. ग्राफाइटसारखी पापुद्र्यांची रचना, पण पांढरं आणि विजेला ठाम नकार देणारं. हाच पदार्थ चेहऱ्याच्या पावडरीत आणि लिपस्टिकमध्येही वापरतात. पापुद्र्याच्या सपाटीत त्याची वाहकता काही शेकड्यांत, पापुद्र्याच्या आरपार मात्र त्याच्या कितीतरी पटींनी कमी. विद्युतक्षेत्राला तो जो प्रतिसाद देतो तोही इपॉक्सीच्या जवळचा, त्यामुळे कणांभोवती क्षेत्र फारसं वाकडं होत नाही. खोड एकच: मिश्रण दाबून पातळ थर केला की सगळे पापुद्रे आडवे पडतात. उष्णता थरातच आडवी पसरते, आणि आपल्याला तर ती थराच्या आरपार हवी असते.

त्यांना उभं करायच्या युक्त्या मात्र वाचण्यासारख्या आहेत. पापुद्र्यांवर लोह-ऑक्साइडचे कण चिकटवायचे आणि रेझिन घट्ट होईपर्यंत चुंबकीय क्षेत्रात ठेवायचं. किंवा पापुद्रे पाण्यात कालवून ते पाणी एका बाजूनं गोठवायचं. वाढणारे बर्फाचे स्फटिक पापुद्र्यांना बाजूला ढकलत भिंती रचतात. मग निर्वातात बर्फ उडवून लावायचा आणि उरलेल्या सांगाड्यात इपॉक्सी भरायचं. विखुरलेल्या दहा टक्के भरणात मॅक्सवेलच्या हिशेबानं फक्त ०.२७ पर्यंत जाता येतं, पण अशा सांगाड्यांनी दहा टक्क्यांहून कमी भरणात अडीचच्या पुढचे आकडे दिले आहेत. पूड तीच, वाट बांधलेली. प्रयोगशाळेत हे नाण्याएवढ्या तुकड्यावर जमतं; स्टेटरवर कसं करायचं, ते तुम्हीच सांगा.

कार्बन नॅनोट्यूब किंवा ग्राफिन का नको, असंही कुणी विचारेल. कारण विजेला दोन कणांमधली बारीकशी फटही ओलांडता येते. नॅनोट्यूब एक टक्क्यापेक्षाही कमी असताना इपॉक्सी वीज वाहू लागतं आणि उष्णता मात्र होती तिथंच रेंगाळते. वर सांगितलेली वीस शून्यांची तफावत इथं उलटते. इन्सुलेशनच्या कामात काळ्या पुडीला जागा नाही.

विजेची बाजू आणखी नाजूक आहे. चांगलं इपॉक्सी मिलिमीटरला १५ ते २० हजार व्होल्ट सोसतं, हवा फक्त ३ हजार. पूड वाढली की मिश्रण घट्ट होतं आणि हवेचे बुडबुडे आत अडकतात. चपट्या बुडबुड्यात विद्युतक्षेत्राचा ताण भोवतीच्या रेझिनमधल्यापेक्षा जवळजवळ चौपट होतो. कमजोर जागेवरच जास्त ताण! तिथं बारीक ठिणग्या पडत राहतात, रेझिन कुरतडलं जातं आणि त्यातून फांद्या फुटत जाणाऱ्या सूक्ष्म भेगा पलीकडच्या टोकाकडे सरकतात. या भेगांना इलेक्ट्रिकल ट्री म्हणतात. मजा अशी की या झाडाला अडवायला नॅनो-कणच कामी येतात. एका कणापाशी भेग अडली की तिला वळसा घ्यावा लागतो, आणि थोडेसेच नॅनो-कण रेझिनभर पसरलेले असले तर असे अडथळे पावलोपावली येतात. टी. जे. लुईस यांनी १९९४ मध्ये नॅनो-डायलेक्ट्रिक्सची कल्पना मांडली तेव्हापासून यावर भरपूर काम झालं आहे. उष्णतेला मोठे कण हवेत, विजेला बारीक. म्हणून बरेच जण आता मोठा ॲल्युमिना किंवा बोरॉन नायट्राइड आणि त्यात चिमूटभर नॅनो-सिलिका असा दुहेरी मेळ घालतात. मला तरी एखाद्या नव्या चमत्कारी पुडीपेक्षा हा मेळ जास्त भरवशाचा वाटतो.

आणि पूड सोडून रेझिनच सुधारलं तर? २००३ मध्ये हिताचीच्या संशोधकांनी इपॉक्सीच्या रेणूंत द्रव-स्फटिकासारखे ताठ तुकडे बसवून, कोणतीही पूड न घालता, ०.९६ पर्यंत मजल मारली. साध्या इपॉक्सीच्या जवळजवळ पाचपट. २०१० मध्ये एमआयटीत गांग चेन यांच्या गटानं पॉलिथिलीन ताणून इतका बारीक धागा काढला की त्याची वाहकता १०० च्या पुढे गेली. धातूंच्या पंक्तीत बसावी एवढी. म्हणजे प्लॅस्टिकचे रेणू मुळात मठ्ठ नाहीत, गुंत्यामुळे तसे दिसतात.

प्रश्न : मेट्रो स्टेशन आणि मॉलमधल्या कोरड्या ट्रान्स्फॉर्मरमध्ये इपॉक्सीत वाळू घालतात असं आमच्या सरांनी सांगितलं. ती उष्णतेसाठी घालतात का?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : नदीकाठची वाळू नव्हे, दळलेलं शुद्ध क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका. तिचं पहिलं काम वेगळं आहे. तापल्यावर इपॉक्सी तांब्याच्या तिपटीहून जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे नुसतं रेझिन ओतलं तर रोजच्या तापण्या-निवण्यानं वाइंडिंगभोवती भेगा पडतात. सिलिकेनं प्रसरण आटोक्यात येतं आणि महागडं रेझिनही कमी लागतं. उष्णतावाहकता वाढते हा त्यातला वरचा फायदा. तेल नसल्यानं आग लागली तरी भडका मोठा होत नाही, म्हणून हे ट्रान्स्फॉर्मर गर्दीच्या इमारतींत बसवतात.

पण हीच सिलिका वायुरोधित स्विचगिअरमध्ये चालत नाही. तिथल्या सल्फर हेक्झाफ्लुओराइड वायूचं ठिणगीनं विघटन होतं, त्यात ओल मिसळली की हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतं आणि ते सिलिका खातं. म्हणून त्या इन्सुलेटरमध्ये ॲल्युमिना भरतात. सरांना हे विचारून पाहा, तोंडी परीक्षेत उपयोगी पडेल.

ता. क. चं उत्तर (इचलकरंजीच्या वाचकांसाठी) : पूड घालू नका. पातळ वार्निशमध्ये ती तळाशी बसते, बुडवणीच्या भांड्याच्या खालच्या भागात जास्त आणि वर जवळजवळ नाहीच. स्लॉटच्या तोंडाशी ती अडकली तर आतल्या तारांपर्यंत वार्निशच पोचणार नाही. मोठ्या जनरेटरमध्ये हे जमतं कारण तिथं पूड कारखान्यातच अभ्रकाच्या पट्टीत बसवलेली असते; काही कंपन्यांनी बोरॉन नायट्राइड घालून अशा पट्टीची वाहकता साधारण दुप्पट केली आहे.

तुमच्या दुकानात होण्यासारखा मोठा फायदा निराळाच आहे. हवेची वाहकता सुमारे ०.०२६, वार्निशची ०.२ च्या आसपास. स्लॉटमधल्या तारांच्या फटींत हवेऐवजी वार्निश गेलं की त्या फटीत उष्णतेची वाट सात-आठ पटींनी सुधारते. हिऱ्यानं ३० टक्के भरणात दिली होती सव्वादोन पट! म्हणून बुडवण्याआधी स्टेटर तापवून त्यातली ओल काढा, थोडा निवू द्या, उभा धरून सावकाश बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत बाहेर काढू नका. निथळू द्या, ओव्हनमध्ये भाजा, मग बाजू उलटी करून दुसरी बुडवणी द्या. वरून ब्रशनं किंवा ओतून मारलेलं वार्निश दिसायला चकचकीत असतं, स्लॉटच्या आत मात्र पुष्कळदा हवाच राहते. मोठ्या मोटारींचं काम वाढलं असेल तर निर्वात आणि दाब देणारी टाकी चार दुकानांनी मिळून घ्यायचा विचार करा. लेदरॉइड पेपर स्लॉटच्या भिंतीला नीट चिकटून बसला आहे ना, हेही पाहा. त्यामागे हवेचा थर राहिला तर उष्णता बॉडीपर्यंत पोचतच नाही.

आणि मेगरवर आकडा चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका. मेगर ओल आणि गळती दाखवतो. आतला बुडबुडा त्याला दिसत नाही. आत किती भरलं ते कळायचा एक स्वस्त मार्ग म्हणजे बुडवण्याआधी आणि भाजून झाल्यावर स्टेटरचं वजन करणं. एकाच मापाच्या मोटारींत किती वार्निश बसलं याची वही ठेवा. ज्या मोटारीत ते कमी भरेल, ती परत बुडवा.